चिनी लोकांकडे जेवायला आणि इंग्रजांकडे जेवायला

रानजाई

नवऱ्याच्या नोकरीपायी साडेतीन वर्षं चीनमध्ये ग्वांगझूला काढली, आता चार वर्षं इंग्लंडात लीड्सला आहोत. गेल्या रविवारी इथल्या एका कुटुंबाकडे संडे रोस्टला (रविवारचं भाजलेल्या मांसाचं जेवण) गेलो होतो आणि तेव्हापासून हा धागा डोक्यात घोळतोय.

बोलावणं तीन आठवडे आधी आलं. मग गोमांस चालतं का, कशाची अ‍ॅलर्जी आहे का, अशी रीतसर चौकशी. गुरुवारी बाईंचा पुन्हा मेसेज: भाजलेले बटाटे प्रत्येकी किती लागतील? मी नवऱ्याकडे बघितलं, त्याने माझ्याकडे. पाहुण्याला बटाटे मोजून विचारलेले मी जन्मात ऐकले नव्हते. भीतभीत चार कळवले.

चारच आले. भाजलेली कोंबडी, यॉर्कशायर पुडिंग (गोड नसतं, पोकळ फुगलेली पुरी म्हणा), गाजरं, ग्रेव्ही. बटाटे मात्र असे खमंग की मी अजून चार खाल्ले असते. नंतर अ‍ॅपल क्रंबल (भाजलेल्या सफरचंदाचं गोड, वर खुसखुशीत चुरा) आलं. 'घेणार का?' म्हणून विचारलं तर मी आपली रीतीप्रमाणे 'नको, नको, खूप झालं' म्हणाले. बाई 'बरं' म्हणाल्या आणि माझ्यासमोरून ते क्रंबल, त्यावरच्या गरम कस्टर्डसकट, पुढे निघून गेलं. परत विचारलंच नाही! नवरा शेजारी बसून शांतपणे खात होता.

आता ग्वांगझूचं सांगते. पहिल्याच महिन्यात नवऱ्याच्या ओळखीतल्या एका कारखानदाराने जेवायला नेलं. गोल टेबल, मधोमध फिरती काच, दहा माणसं. बसल्या बसल्या सगळ्यांनी आपापली वाटी, पेला, जेवायच्या काड्या गरम चहाने विसळल्या आणि ते पाणी मधल्या मोठ्या कटोऱ्यात ओतलं. मी तो पहिला चहा प्यायच्या बेतात होते, थोडक्यात वाचले. मग एकेक पदार्थ येत गेला. अख्खा वाफवलेला मासा आला तेव्हा त्याचं तोंड माझ्याकडे करून ठेवलं. कारखानदाराच्या आईने वाढायच्या वेगळ्या काड्यांनी माशाच्या गालाचा मऊ तुकडा काढून थेट माझ्या वाटीत घातला. मी मालवणची, माशाच्या डोक्याची किंमत मला कुणी सांगायला नको! खाल्ला. वाटी रिकामी झाली, तशी आजींनी भरली. पुन्हा संपवली, पुन्हा भरली. 'पानात टाकायचं नाही' हे लहानपणापासून अंगात भिनलेलं, त्यामुळे मी संपवतेय आणि आजी वाढताहेत. तासाभराने कुणीतरी हळूच सांगितलं, की वाटी रिकामी दिसली म्हणजे तुझी भूक भागली नाही असा अर्थ होतो, थोडं राहू दे.

काटे-चमचे आणि काड्या यांचं मला फार कौतुक नाही, ती हाताची सवय, पंधरा दिवसांत जमते. मला प्रश्न पडलाय तो वेगळा: तुमच्या ताटात काय आणि किती पडणार हे ठरवतं कोण? तिथे आजी ठरवत होत्या. इथे गुरुवारीच मी ठरवून टाकलं होतं आणि मग त्यात बदल नाही. तुमचे अनुभव येऊ द्या.

बोरकूट

ते क्रंबल पुढे गेलं तिथे डोळे पाणावले.

पण बटाट्यांवरून त्यांना हसू नका हं. 'किती पोळ्या टाकू?' हे आपण रोज विचारतो. फक्त घरच्यांना. पाहुण्याला विचारायचं नसतं एवढंच. म्हणजे त्या बाईंनी तुम्हाला घरचं मानलं असं धरायला हरकत नाही.

खवचट_काका

पुणेकर या नात्याने माझ्याकडून अपेक्षित असलेला विनोद मी करणार नाही. पुढे चालू द्या.

दोन_टोप

रानजाई, मी तुमच्याच बाजूला, ब्रॅडफर्डजवळ. माझी फजिती ऐका. आल्या आल्या शेजारच्या आजींनी साडेपाचला 'टी'ला बोलावलं. मी म्हटलं चहा-बिस्किट असेल, मुलांना पाचला पोटभर वरणभात घालून नेलं, आम्हीही जेवून गेलो. जाऊन बघतो तर टेबलावर पाई (आत सारण भरून भाजतात ती), मटार, बटाट्याचा लगदा, वर जेली आणि केक. उत्तर इंग्लंडात 'टी' म्हणजे रात्रीचं जेवण हो! आणि 'डिनर' म्हणजे पुष्कळदा दुपारचं. शाळेत मुलांना दुपारी वाढणाऱ्या बायकांना इथे 'डिनर लेडी'च म्हणतात. लंडनकडच्या नोकरदार घरात डिनर रात्री आणि टी म्हणजे टी. कोण कोणता शब्द वापरतं यावरून घराणं ओळखतात, आपल्याकडे 'भाकरी-कालवण' आणि 'पोळी-भाजी'वरून ओळखतात तसं.

मुलं बिचारी दोनदा जेवली. मी तर तीनदा, कारण आजी आग्रह करत होत्या! तेव्हा इंग्रज आग्रह करत नाहीत हे सरसकट मान्य नाही. कामगार वस्तीतल्या आजींचा स्वभाव वेगळा आणि सिल्व्हरच्या काट्यांवाल्यांचा वेगळा.

मोडी_वाचक

रानजाई ताई, प्रश्न छान आहे, पण 'चिनी एका भांड्यातून, इंग्रज स्वतंत्र ताटात' हे जे आपण सनातन समजतो ते तसं नाही. गंमत म्हणजे दोघांनी जागा बदलल्या आहेत.

हान काळातले, म्हणजे साधारण दोन हजार वर्षांपूर्वीचे, चिनी खानदानी लोक जमिनीवर चटई टाकून बसत आणि प्रत्येकापुढे त्याचा त्याचा छोटा चौरंग असे. वाढप स्वतंत्र, आपल्या पाटासमोरच्या ताटासारखं. पुढे थांग काळात खुर्च्या आणि उंच टेबलं रुळू लागली आणि सोंग काळापर्यंत, म्हणजे साधारण हजारेक वर्षांपूर्वी, एका टेबलाभोवती बसून मधल्या भांड्यांतून खाणं सर्वसामान्य झालं. सुताराने रीत बदलली म्हणा ना.

इंग्लंडात उलटं. १८व्या शतकातल्या श्रीमंत इंग्रजाच्या टेबलावर सूप, मासे, भाजलेलं मांस, पाई, सगळं एकदम, अगदी समोरासमोर तोल साधून मांडलेलं असे. यजमान स्वतः मांस कापून वाढी आणि जो तो आपल्या पुढ्यातल्या भांड्यातलं शेजाऱ्याला देई. याला फ्रेंच पद्धत म्हणत. एकामागून एक पदार्थ नोकराने प्रत्येकाला वाढायचा ही 'रशियन पद्धत', ती १९व्या शतकाच्या मध्यावर इंग्लंडात पसरली. म्हणजे ज्याला आपण अस्सल इंग्रजी शिष्टाचार म्हणतो, त्यातला बराचसा भाग पणजोबांच्या पणजोबांना माहीत नव्हता. तुमच्या रविवारच्या रोस्टमध्ये घरच्या माणसाने सुरी घेऊन कोंबडी कापली असेल, तर तो जुन्या रीतीचा उरलेला तुकडा.

आणि काटा? थॉमस कोर्याट नावाचा प्रवासी १७व्या शतकाच्या सुरुवातीला इटलीहून काट्याने खायची सवय घेऊन आला, तर लोकांनी त्याची टर उडवली. तोपर्यंत इंग्रज सुरी, चमचा आणि बोटं यांवरच जेवत होता. पुढे त्यांचेच वंशज इकडे येऊन आपल्याला हाताने जेवतो म्हणून हसले, हे लक्षात ठेवा.

रानजाई

मोडी_वाचक, दंडवत! हो, यजमानांनीच कापली कोंबडी. आणि कापताना त्यांना फार मान होता, सगळे थांबून बघत होते.

दोन_टोप, मान्य. मी एकाच घरावरून बोलले.

नाशिकचा_चिवडा

आम्ही व्यापारी लोक. चीनमधल्या यीवूला खरेदीसाठी वर्षातून दोनदा जायचो. आमच्या अनुभवाचं चार ओळींत सांगतो (चार होणार नाहीत).

बसायची जागा आपण निवडायची नाही. दाराकडे तोंड असलेली खुर्ची मानाची, तिथे कुणाला बसवायचं यावर पाच मिनिटं ढकलाढकली चालते. ती ढकलाढकली खरी नसते पण केलीच पाहिजे, विहीणबाईंच्या मानपानासारखी. मग बायच्यू. ज्वारीपासून काढलेली पांढरी दारू असते, ५० टक्क्यांच्या पुढे जाते, वास पहिल्यांदा अंगावर येतो. 'कानपेई' म्हटलं की पेला उपडा करून दाखवायचा. पेला टेकवताना आपला काठ मोठ्या माणसाच्या काठापेक्षा खाली ठेवायचा. समोरचाही नम्र असला की तोही खाली आणतो, मग आपण आणखी खाली. एकदा आमचे दोघांचे हात टेबलाखाली गेले होते, खोटं नाही सांगत.

बिलाची तर लढाई. मी एकदा अर्ध्या जेवणात 'हात धुऊन येतो' म्हणून गल्ल्यावर गेलो, तर आमचा पुरवठादार माझ्याआधीच तिथे उभा. दोघंही तेच निमित्त काढून आलेलो. लंडनला मुलाच्या मित्रांबरोबर जेवलो तेव्हा सहा जणांनी फोन काढून आपापल्या ड्रिंकपर्यंत हिशेब लावला. वाईट नाही म्हणत, कुणावर उपकार राहत नाहीत. पण चीनमध्ये उपकार राहावेत म्हणूनच तर बिल भरतात! या वेळी मी, पुढच्या वेळी तू, म्हणजे पुढची वेळ येणार हे पक्कं.

बोरकूट

पबमध्ये इंग्रजही तेच करतो की. राउंड! पहिला गडी सगळ्यांसाठी बिअर आणतो, मग दुसरा, मग तिसरा. आपली पाळी चुकवणारा माणूस मेला तरी लोक विसरत नाहीत. जेवणात हिशेब आणि दारूत उधारी, असा त्यांचा कारभार.

उकडीचा_मोदक

शाकाहाऱ्यांची बाजू कुणी मांडणार का? मी शांघायला दोन वर्षं होते. 'मांस नको' म्हटलं की भाजीवर खिमा शिंपडून येतो, कारण त्यांच्या मते ते मांस नाही, चव आहे. वांगी डुकराच्या चरबीत परतलेली. मग एका सहकारणीने 'सू' हा शब्द शिकवला, बौद्ध लोकांचं शाकाहारी. देवळाशेजारच्या खानावळीत गेले तर चक्क कांदा-लसूणही नाही! चातुर्मास पाळणाऱ्या आमच्या सासूबाईंना तिथे नेऊन बसवायला हवं होतं. सोयाबीनची 'बदकं' आणि कणकेच्या चिवट गोळ्याचं 'मटण' बघून मात्र त्या उठून गेल्या असत्या.

याउलट ब्रिटन शाकाहाऱ्याला स्वर्ग आहे हे कबूल करा. गावातल्या पबातसुद्धा मेन्यूवर पदार्थापुढे इंग्रजी 'व्ही' छापलेला असतो. चव विचारू नका.

आणि माझा खरा त्रास उष्ट्याचा होता. सगळे आपापल्या तोंडातल्या काड्या मधल्या भांड्यात घालतात. पहिले सहा महिने मी फक्त माझ्या बाजूच्या कडेचं खायचे.

रानजाई

उष्ट्यावर माझंही अडलं होतं. ग्वांगझूत बऱ्याच ठिकाणी वाढायच्या काड्यांची वेगळ्या रंगाची जोडी ठेवतात, 'कुंग-ख्वाय' म्हणतात. २००३च्या सार्सच्या साथीनंतर त्याचा प्रचार झाला आणि २०२०च्या कोविडनंतर पुन्हा जोरात. पण आमच्या शेजारणीकडे घरी त्या काढल्या की सासरा रुसायचा: आपण परके आहोत का? उष्टं हीच जवळीक. आपल्याकडे आई आणि मूल, नवी नवरी आणि नवरा यांनाच काय ती उष्ट्याची मुभा, तिथे पूर्ण टेबलाला.

आता असं बघा, आपण कुठे बसतो? ताट आपलं इंग्रजासारखं वेगळं, दुसऱ्याचा हात लागलेला चालत नाही. आणि आग्रह मात्र चिनी आजींसारखा: 'एक जिलबी, माझी शपथ.' पंगतीत वाढणारा ठरवतो काय पडणार ते, पण पडलं की ते फक्त तुमचं.

खवचट_काका

आणि पानात टाकलं तर वाढणाराच शिव्या घालणार. आधी शपथ घालायची, मग अन्नाच्या नासाडीवर प्रवचन. चिनी आजी यापेक्षा न्यायी वाटतात.

नाशिकचा_चिवडा

काका, नासाडीचं मात्र तिथे फार झालं होतं. माणसं दहा असली तर पदार्थ पंधरा मागवायचे, टेबलावर उरलं पाहिजे, नाहीतर यजमान कंजूष. शेवटी २०२१च्या एप्रिलमध्ये सरकारने अन्ननासाडीविरोधी कायदाच केला. गिऱ्हाइकाला गरजेपेक्षा जास्त मागवायला लावलं तर हॉटेलला १०,००० युआनपर्यंत दंड. बकाबका खाण्याचे व्हिडिओ दाखवणाऱ्यांना १ लाखापर्यंत. आता उरलेलं बांधून नेणं तिथे अगदी सर्रास आहे, 'ता-पाव' म्हणायचं की डबे हजर. इंग्लंडात मी उरलेला अर्धा स्टेक बांधून मागितला तर मुलगा टेबलाखालून लाथ मारत होता.

दोन_टोप

इथल्या जुन्या माणसांचं ताट मात्र धुतल्यासारखं स्वच्छ असतं. रेशनिंग बघितलेली पिढी. १९४० ते १९५४, म्हणजे युद्ध संपल्यावरही नऊ वर्षं चाललं. चहा माणशी आठवड्याला दोन औंस, जेमतेम ५७ ग्रॅम. आमच्या त्या शेजारच्या आजी ब्रेडची कड टाकू देत नाहीत. फिश अँड चिप्स तेवढं रेशनवर कधीच नव्हतं, म्हणून त्याच्यावर सगळ्यांचा इतका जीव.

इंग्रजांचं जेवण बेचव म्हणून आपण सगळे नावं ठेवतो, मीही ठेवते. पण चौदा वर्षं रेशन आणि त्यात पावडरची अंडी असताना कुणाची आई सुगरण राहील?

दर्याकिनारी

उशिरा आलो, पण या दोघांची भेट झाली ते गाव कुणीच घेतलं नाही: हाँगकाँग. मी तिथे सात वर्षं होतो.

इंग्रजांचं राज्य १९९७पर्यंत. इंग्रजी हॉटेलं सामान्य चिन्याला परवडत नव्हती, म्हणून 'चा-चान-थेंग' निघाली. शब्दशः चहा-जेवणाची खानावळ. सकाळी काय खाता? सूपमध्ये मॅकरोनी, वर हॅमच्या पट्ट्या. टोस्टवर लोणी आणि घट्ट गोड दूध. ओव्हल्टीन, हॉर्लिक्स. दुपारी भाजलेल्या भातावर पोर्क चॉप. डिमसममध्ये (चहाबरोबर खायचे छोटे पदार्थ) बीफचे वाफवलेले गोळे येतात, त्यांच्यासोबत बशीत काळं आंबट-तिखट पाणी असतं. चिनी काहीतरी असेल म्हणून चाखलं, तर इंग्रजांचा वूस्टरशायर सॉस!

चहा बघायला तर मी मुद्दाम काउंटरपाशी बसायचो. सिलोनची कडक पत्ती, कापडाच्या लांब पिशवीतून या भांड्यातून त्या भांड्यात अनेकदा ओततात. पिशवी चहाने रापून तपकिरी झालेली असते, म्हणून गमतीने तिला रेशमी मोजा म्हणतात. मग आटवलेलं दूध. आमच्या अमृततुल्यातलं गाळायचं फडकं आठवून डोळे भरून यायचे. आणखी एक प्रकार म्हणजे तोच चहा आणि कॉफी एकत्र, 'युनयोंग'. चव लागायला महिना जातो, मग सुटत नाही.

गर्दी असली की अनोळखी माणसाच्या टेबलावर बसवतात, इराण्याकडे बसवायचे तसं. माझ्यासमोर एकदा एक इंग्रज येऊन बसवला गेला. दोन्ही बाजूच्या चिन्यांनी मान वर केली नाही, तो मात्र तीनदा 'सॉरी' म्हणाला आणि मग वर्तमानपत्र उभं धरून त्याच्या मागे जेवला.

चहाचा पेला भरला की टेबलावर दोन बोटं टकटक वाजवायची, हे 'आभारी आहे'. म्हणे चीनचा छ्यानलोंग बादशहा वेष पालटून फिरत होता, त्याने नोकराला चहा ओतला, नोकराला मुजरा तर करता येईना, म्हणून त्याने बोटं वाकवली. दंतकथा असेल, पण सवय अशी लागते की परत आल्यावर मी दादरला मामीने चहा दिला तरी टकटक करायचो. मामी म्हणाली, 'काय रे, माशी बसलीये का?'

मोडी_वाचक

चहाचा विषय निघालाच आहे तर अवांतर. सॅम्युअल पेप्स या लंडनकराने आपल्या रोजनिशीत १६६०मध्ये चिनी पेय म्हणून चहाची नोंद केली आहे. दोनच वर्षांनी पोर्तुगालची राजकन्या कॅथरीन इंग्लंडचा राजा दुसऱ्या चार्ल्सशी लग्न करून लंडनला आली आणि दरबारी बायकांत चहाची टूम निघाली. हीच ती, जिच्या आंदणात मुंबई गेली. म्हणजे इंग्रजांचा चहाचा षौक आणि आपली मुंबई, एकाच वऱ्हाडातले.

आग्नेय चीनच्या फूच्येन किनाऱ्यावर चहाला 'ते' म्हणत, तिथून डचांच्या जहाजातून गेला तो इंग्रजांचा 'टी'. कँटन (आजचं ग्वांगझू) आणि मकावकडे 'छा', तो पोर्तुगिजांचा आणि आपला. टोमॅटो केचप म्हणता तो शब्दही त्याच फूच्येनी बोलीतला, मुळात माशाचं खारं पाणी. इंग्रजांनी १८व्या शतकात तो मशरूमचा केला, टोमॅटो फार नंतर आला.

बोरकूट

म्हणजे चायनीज भेळेवर केचप ओतणारा आमचा गाडीवाला परंपरा पाळतो म्हणायचं.

उकडीचा_मोदक

एक भर. भातात काड्या उभ्या खोचून ठेवू नका कुणी. मी पहिल्या दिवशी फोन उचलायला म्हणून खोचल्या आणि समोरची मुलगी दचकून उभी राहिली. मेलेल्यांच्या नावाने भाताच्या वाटीत उदबत्त्या लावतात, तसं दिसतं ते. इंग्रजांकडे असं अशुभ काही दिसलं नाही. त्यांच्याकडे नुसतं अप्रशस्त असतं. तोंडाने काही म्हणत नाहीत, भुवई हलते.

दोन_टोप

भुवई आणि काटा-सुरी. दोन्ही शेजारी शेजारी, घड्याळात साडेसहा वाजल्यासारखे ठेवले की 'झालं'. फाकवून ठेवले की 'खातेय अजून'. मला कळायला वर्ष लागलं. तोवर वेटर माझ्या रिकाम्या ताटाभोवती घिरट्या घालत राहायचे.

रानजाई

अरे देवा. म्हणून ते लोक रविवारी पंधरा मिनिटं माझ्याकडे बघत हसत होते! माझे फाकलेले होते. बाई क्रंबल आणायला थांबल्या होत्या.

बरं, आता मदत करा. येत्या रविवारी त्यांना आपल्याकडे जेवायला बोलावलंय. बटाट्याची भाजी, वरणभात, कोशिंबीर, पुऱ्या, श्रीखंड. मी ताटं वाढून देऊ, की भांडी मध्ये ठेवून 'घ्या हवं ते' म्हणू? आणि श्रीखंडाला त्यांनी एकदाच नको म्हटलं तर?

दर्याकिनारी

वाढा. एकदा आग्रह करा, दुसऱ्यांदा विचारा, तिसऱ्यांदा सोडून द्या. हाँगकाँगी तोडगा.

खवचट_काका

गुरुवारी मेसेज टाका: पुऱ्या प्रत्येकी किती?